पुढच्या दोन खोल्यांना कुलूप लावू नये

मी, मुलींच्या शाळेच्या कचेरीतून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेली, अविवाहित, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या भाच्याला तो पुरेसा वाटत नसेल तर त्याने आधी स्वतःचे डोके तपासून घ्यावे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी सांगितल्यास तो खोटे बोलतो आहे.

१. हे चार खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे. मुलांच्या कर्करोगाच्या इस्पितळापासून ते चालत सात मिनिटांवर आहे. आजारी मूल कडेवर असेल तर वीस. गेली बारा वर्षे पुढच्या दोन खोल्यांत बाहेरगावची अशी मुले आणि त्यांचे आईबाप उपचार संपेपर्यंत राहतात. माझ्यानंतरही तसेच चालू राहील. घर विकू नये, गहाण ठेवू नये, भाड्याने देऊ नये. आज तिथे सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर राहते आहे आणि तिचे उपचार अजून आठ महिने चालायचे आहेत. मी त्याआधी गेले तर त्या दोघींना एक दिवसही हलवू नये. माझ्या अंत्यविधीला येणाऱ्यांना बसायला जागा पुरली नाही तर त्यांनी उभे राहावे.

२. भावाचा मुलगा हाच माझा जवळचा वारस. गेल्या वर्षी मी तापाने फणफणत असताना तो सफरचंदे घेऊन आला आणि खिशातून टेप काढून खोल्या मोजू लागला.

"काय चाललंय रे?"

"काही नाही आत्या, तू पडून राहा. नुसतं बघतोय. इथे चार मजले आरामात निघतील. आणि ही मंडळी काय, आज आहेत, उद्या..."

समोर हीच मुलगी आईच्या मांडीवर होती. वाक्य अर्धे सोडले, तेवढीच त्याची माणुसकी. तो टेप तो इथेच विसरून गेला. कपाटाच्या वरच्या खणात आहे. तो त्याला द्यावा. दुसरे काहीही देऊ नये.

३. समोरच्या घरातल्या निवृत्त विमा अधिकाऱ्यांनी ही मुले इथून हलवावीत म्हणून अर्ज लिहून त्यावर अकरा घरांच्या सह्या गोळा केल्या होत्या. कर्करोग खोकल्यातून पसरत नाही, हे मी त्यांना फाटकात उभी राहून सांगितले. "तसं नाही हो बाई," ते म्हणाले, "पण आमच्या नातवंडांना बघवत नाही." बघवत नाही! ज्यांना सोसावे लागते त्यांनी तोंड लपवायचे, कारण ज्यांना नुसते बघायचे आहे त्यांना बघवत नाही. तो अर्ज मी जपून ठेवला आहे. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला मराठी काय येणार, असे ते म्हणत असत. त्यातल्या नऊ चुका दुरुस्त करून, चौकट लावून, तो त्यांना भेट द्यावा.

४. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई वर्षातून एक दिवस, कर्करोग दिनाला, छातीवर फीत लावून पाठिंबा द्यायला येतात. मागच्या खेपेला क्रीमचा भलामोठा केक आणला. मुलीच्या तोंडभर फोड आले होते, पाणी गिळताना ती रडायची. तिला अध्यक्षीणबाई म्हणतात, "टोपी काढ ना बाळा, फोटोत कळायला हवं." मी त्यांना केकसकट बाहेरची वाट दाखवली. मंडळाला मी ही सूचना ठेवते: पाठिंबा द्यायचा असेल तर सकाळी सहाला इस्पितळाच्या खिडकीसमोर एखाद्या आईच्या जागी रांगेत उभे राहा. घरी राहिलेल्या धाकट्या भावंडाचा अभ्यास घ्या. चादरी धुवा. बापाला नोकरीवरून काढू नका, असे त्याच्या साहेबाला जाऊन सांगा. हे जमणार नसेल तर फीत केसांना बांधा, तुम्हाला केस आहेत.

५. आता माझ्याबद्दल. दुसऱ्यांची उणीदुणी काढून स्वतः नामानिराळे राहू नये, असे आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर शिकवत. पंचेचाळीस दिवस रजेच्या अर्जाशिवाय गैरहजर राहिलेल्या मुलीचे नाव हजेरीपटावर लाल शाईने खोडायचे, हे माझे काम. पट्टी लावून सरळ रेघ मारायची. मला त्या रेघेचा अभिमान होता. तिसरीतल्या एका मुलीचे नाव मी असेच खोडले. दप्तरात बिया साठवायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. आठवड्याने तिची आई आली. इस्पितळाच्या मदतीसाठी तिला शाळेचा दाखला हवा होता.

"नाव कमी केलं म्हणजे? बाई, पोरगी इस्पितळात आहे हो. रक्ताचा कर्करोग सांगितलाय."

"रजेचा अर्ज दिला होतात?"

"अर्ज कुणाला सुचतोय!"

"मग मी काही करू शकत नाही. नियम आहे."

ती बाकावर शाळा सुटेपर्यंत बसून राहिली. मी दाखला दिला नाही. दाखल्याविना मदत अडली आणि मदतीविना औषध एकोणीस दिवस लांबले. खारूताई वाचली. त्यात माझा काडीचाही वाटा नाही. माझा वाटा त्या एकोणीस दिवसांत आहे. वर्षाने ती डोक्याला रुमाल बांधून कचेरीच्या दारात आली. "बाई, मी शाळा सोडली नव्हती. आजारी होते. मग मला खोडलं कशाला?" हे घर मी दयाळू आहे म्हणून उघडलेले नाही, हे माझ्या शोकसभेत गोड बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

६. बँकेतली सर्व शिल्लक या घराच्या विजेला, पाण्याला आणि इस्पितळात जायच्या रिक्षेला वापरावी. टाइपरायटर पुढच्या खोलीतच राहील. आईबापांचे अर्ज त्यावर लिहून द्यावेत. एकही माणूस कागदावाचून परत जाता कामा नये. दारामागच्या वहीत इथे राहून गेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव आहे. काही मुले बरी होऊन गेली, काही गेली. कोणाचेही नाव खोडू नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खारूताईच्या आईने करावी. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मीच का बाई? मला कायद्यातलं काय कळतं?" मी म्हटले, "दारातून परत पाठवलं की काय होतं, ते तुमच्याइतकं कोणाला कळतं?" तिने घराची किल्ली घेतली.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आणि साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यात कोठेही खाडाखोड नाही. जन्मात केली तेवढी पुरे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार, दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही:

१. सही: (मुलांच्या विभागातील डॉक्टर)

२. सही: (खारूताई, वय एकतीस, रक्त तपासणी प्रयोगशाळेत नोकरी. सहीखाली तिने न सांगता एक शब्द लिहिला आहे. तो तसाच ठेवावा.)

हजर.