दुसऱ्या डब्यातला रेडिओ

तीर्थस्वरूप वर्ना मावशीस,

लायलचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? संध्याकाळी त्याच गुडघ्याने चर्चमधून चालायचंय, तेव्हा पाय वर ठेवून बस. (नवे बूट घालून घरात फिरून बघ असंही सांगणार होतो, पण मग पाय वर कसे राहणार?) तुला हाताला धरून नवरदेव ड्वेनरावांपर्यंत नेण्याचं काम माझं, आणि मी नसलो तर तू चर्चची पायरीही चढणार नाहीस, ही धमकी माझ्या लक्षात आहे. माझी आगगाडी मात्र वाटेतच उभी आहे.

का, ते सांगतो. पण आधी स्कॅनर. फार्गोच्या जुन्या बाजारात मिळाला. रेल्वेवाले आपसात काय बोलतात ते त्यावर ऐकू येतं. रुळांकडेला यंत्रं असतात, ती जाणाऱ्या गाडीची चाकं तपासून रेडिओवर आपणहून बोलतात, "दोष नाही." (आवाज थेट आपल्या गणिताच्या बाईंचा, शाबासकी देतात, पण मनापासून नाही.) इयरफोन मी मिनोटच्या फलाटावर विसरल्यामुळे अख्खा डबा ऐकत होता. मग एक यंत्र म्हणालं, "चाकाचा आस तापलाय," आणि मी उभा राहून सगळ्यांना समजावलं, की आता चाक निखळू शकतं. शेजारच्या लुंडग्रेन आजींनी प्रार्थना सुरू केली, पलीकडच्या गृहस्थांनी घाईने बूट चढवले. तो आस पुढच्या मालगाडीचा होता. सगळ्या गाड्या एकाच वाहिनीवर बोलतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

थोड्या वेळाने स्कॅनरवर आमचे कंडक्टर हॅस्केलसाहेब ड्रायव्हरला म्हणाले, "दुसऱ्या डब्यात एक दीडशहाणा रेडिओवाला आहे. पुढच्या स्टेशनात उतरवू त्याला." कोण बरं हा, म्हणून मी मागे वळून पाहिलं, तर सगळे माझ्याकडे बघत होते. मावशी, पुढची गाडी उद्या. मी साहेबांना तुझं लग्न, गुडघा, धमकी सगळं सांगितलं. त्यांनी स्कॅनरचे सेल काढून खिशात टाकले. "लग्नाला जायचंय ना? मग हे आणि तोंड, दोन्ही बंद."

आणि गाडी माळावर थांबली. का, कुणालाच कळेना. मला शिव्या घालणारीच माणसं चुळबुळू लागली. शेवटी लुंडग्रेन आजी कुजबुजल्या, "अरे लायल, बघ की काय म्हणतायत." सेल नाहीत म्हटल्यावर त्यांनी आपल्या टॉर्चमधले काढून दिले. तेव्हा कळलं ते असं: ती मालगाडी पुढे एकेरी रुळावर अडून बसलीय, आणि आमच्या गाडीच्या कर्मचाऱ्यांचे कायद्याने ठरलेले कामाचे तास संपलेत. आता ते गाडी हातभरही हलवू शकत नाहीत. नव्यांना घेऊन मोटार आलीय, तीच जुन्यांना तुमच्या गावी नेतेय. मला तिच्यात बसायची परवानगी नाही. फोनला रेंज नाही. म्हणून हे पत्र हॅस्केलसाहेबांच्या हाती.

तुझा,
लायल

ता. क. त्यांना केक दे. टॉर्चच्या सेलांचं बोलू नकोस.

ता. क. दुसरा. पाच वाजेपर्यंत मी दिसलो नाही, तर पायरीवर अडून बसू नकोस. हॅस्केलसाहेबांचा हात धर. उंचीला बरोबर आहेत, गणवेशही कडक इस्त्रीचा. मी भीत भीतच विचारलं. ते म्हणाले, "चालेल. आज एक तरी माणूस वेळेवर पोचवतो."