तीन नंबरचा डबा

खडकी,
रविवार, १६ मार्च १९८६

प्रिय गुलजार,

गेल्या ईदपासून तुला 'महोदय' लिहिते आहे, त्यामुळे वरचे दोन शब्द लिहितानाच हसू फुटलं. अम्मीने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, कंपनीचं काम.

निकाल लागला. तुमच्या कंपनीचं तेल नापास. आमच्या नव्या गाडीच्या पुस्तिकेत 'हेच इंजिन ऑइल वापरा' म्हणून तुमचं नाव छापलं जाणार नाही. साहेबांची बोलणी खावी लागतील तुला. वाईट वाटून घे, पण थोडंच.

ईदला तू शीरखुर्म्याचा डबा घेऊन आलास आणि मी तो गेटवरूनच परत केला, कारण तेलवाल्यांकडून आम्ही चहासुद्धा घ्यायचा नाही. तर डबा परत घेता घेता तू भर उन्हात, वॉचमनसमोर, लग्नाचं विचारलंस! कॉलेजात एकाच लॅबमध्ये होतो, तेव्हा का नाही सुचलं रे? मी एवढंच म्हणू शकले, निकाल लागेपर्यंत थांब. 'मग निकालाचं पत्र हेच तुझं उत्तर समजेन,' असं म्हणून तू स्कूटरला किक मारलीस. माझं ऐकायला थांबलासही नाहीस. तेल तपासणार मी. ते पास झालं असतं तर सगळे म्हणाले असते, बाईने नवऱ्याचं तेल पास केलं. मग हो म्हणायची माझी हिंमत झाली नसती.

त्याच दिवशी आमच्या लॅबच्या मुख्य प्रेमलाताईंना सगळं सांगून टाकलं आणि मला यातून काढा म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो नसीमबानू, तुमचं लग्न ठरेपर्यंत गाडी थांबवू का?" मग त्यांनी सगळ्या कंपन्यांच्या डब्यांवरची नावं काढून नुसते नंबर घातले. कुठला डबा कोणाचा, ते फक्त त्यांना ठाऊक. तीन नंबरचं तेल घालून गाड्या घाटात पळवल्या, इंजिन उघडलं तर आत काळा राडा. हे तेल आहे की मांजरी गावच्या गुऱ्हाळातली काकवी, असं मी भर मीटिंगमध्ये म्हणाले. पुन्हा तपासलं, पुन्हा काकवी! शुक्रवारी ताईंनी नावं सांगितली आणि अख्खी लॅब माझ्याकडे बघून हसत सुटली. मीही हसले. गुलजार, इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो तुझ्या नापास होण्याचा झाला याची लाजही वाटत नाही.

काल नापासाचं पत्र टपालात टाकलं. वर तुझं नाव, खाली माझी सही. संध्याकाळी खडकी स्टेशनवर उतरले आणि तुझं ते स्कूटरवरचं वाक्य आठवलं. उद्या ते पत्र तुझ्या टेबलावर पडेल, आणि तू एक शब्द न विचारता तोंड फिरवशील. तुला मी ओळखते. म्हणून हे पत्र देऊन मकबूलमामूंना आत्ताच तुझ्या घरी पिटाळते आहे. उद्याचं पत्र फक्त तेलाचं आहे. माझं उत्तर हो. हो, हो, हो! ताईंनी मला पेंटच्या विभागात टाकलंय, तेव्हा पुढच्या वेळी खुशाल चांगलं तेल घेऊन या. तू मात्र आजच ये, अब्बा घरी आहेत. आणि तो डबा आण. इथे गेट नाही.

तुझीच, आणि आता हे लपवायचं कारण उरलं नाही,
नसीम