शेंडे खुडू नका

आई, थोरलीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

मी बरी आहे, खोकलाही गेला म्हण. तुझा गुडघा?

इथं शेतकी कॉलेजात कोणता वाण टिकतो ते बघायला आम्ही करपा रोगाच्या जिवाणूंत बुडवलेल्या कात्रीनं भाताच्या पातींचे शेंडे कापतो. साध्या वाणाची पात पंधरा दिवसांत खालपर्यंत वाळते. पण एका वाणात जखमेजवळच्या पेशी आपणहून मरतात आणि रोगाची वाट अडवतात. नखाएवढा डाग, खाली हिरवंगार! मी रोपाला हात जोडले, तर आमच्या शिकवणाऱ्या बाई हसल्या.

आपला वाण साधा, आणि लावणीला आपण शेंडे खुडतो. गेल्या वर्षी शेत वाळलं ते त्याच जखमांतून, असं मला वाटतं.

बाबा म्हणतील, "चार बुकं शिकली, आता आम्हाला शेती शिकवते!" म्हणू देत. एकच खाचर न खुडता लावा. मग भातच त्यांच्याशी बोलेल.

तुझी,
थोरली