विपुलचा काही संबंध नाही

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. छातीचं ऑपरेशन करायचं, साइज वाढवायची. हे मी फक्त स्वतःसाठी करते आहे. विपुलचा काही संबंध नाही. नवरा आमचं अकोल्याचं फळांचं दुकान सांभाळतो, रविवारी अमरावतीला घरी येतो. मध्ये बरेच रविवार आला नाही, संत्र्याचा सीझन आहे. आज आला. जेवला, मोबाइल पाहिला, झोपला. दमतो बिचारा.

४ नोव्हेंबर
इंटरनेटवर सगळं वाचून काढलं. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही, पुढे बदलावं लागू शकतं. भोवतीचा भाग कडक होऊ शकतो. बधिरपणा येऊ शकतो. पुढे बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. सगळं 'शकतं'मध्ये आहे, म्हणजे होतंच असं नाही. मी पॉझिटिव्ह राहणार. आजपासून रोज चालणं, गोड बंद.
संध्याकाळी बालूशाही खाल्ली. टेन्शनमुळे.

५ नोव्हेंबर
पार्लरवाल्या गीतांजलीला विश्वासात घेतलं. म्हणाली, "कावून करून राहिली तू हे? त्याच्या मनात दुसरं काही असन तर?" मैत्री तोडली. काही लोकांचं मनच काळं असतं.
दुपारी फोन करून परत जोडली. भुवया अर्ध्याच झाल्या होत्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
अकोल्याला जाऊन आले. अमरावतीत डॉक्टर खूप आहेत, पण इथे आपल्याला कुत्रंही ओळखतं. घरी दाताचं कारण सांगितलं.
सर्जन बाई आहेत. आता साइज कशी सांगायची? आमच्या धंद्यात तोंडी सौदा होत नाही, नमुना लागतो. म्हणून मी शेंदूरजन्याच्या बागेतून आलेल्या मालातून तीन आकारांची संत्री निवडून पिशवीत नेली होती. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, भेट आणली. नको नको म्हणेपर्यंत तिनं मोठं सोललं आणि बाकावरच्या आजोबांना फोडी दिल्या. मधलं तिनं स्वतः खाल्लं. गोड आहेत म्हणाली. माझा नंबर लागला तेव्हा हातात सगळ्यात लहान उरलं होतं. ते तर माझ्याकडे आधीच आहे.
डॉक्टर म्हणाल्या, मनातल्या मापावर जाता येत नाही, छातीची रुंदी आणि कातडी बघावी लागते. आधी सोनोग्राफी. नंतर काही आठवडे वजन उचलायचं नाही. म्हणजे संत्र्यांचे क्रेट उचलणं बंद, हे मात्र बरं. अंदाज यावा म्हणून पातळ पिशवीत तांदूळ भरून ब्रामध्ये घाला, घरात वावरून बघा, म्हणाल्या. मग विचारलं, हे कोणासाठी? मी ताबडतोब म्हटलं, स्वतःसाठी. इतकं ताबडतोब की त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, घाई नको, महिनाभर विचार करा. माझं इम्प्रेशन चांगलं पडलं असावं.
येताना सहज आपल्या दुकानावरून गेले. शटर बंद. शेजारचा चहावाला धर्मपाल म्हणाला, "विपुलभाऊ? ते तर सोमवारपासून नाई आले." माल आणायला गेला असेल.
माल तर अमरावतीहून, आमच्याकडूनच जातो. पण असो.

१३ नोव्हेंबर
फोन लागत नाही. रेंजचा प्रॉब्लेम. अकोल्यात असतो म्हणे कधी कधी.
चालणं सोमवारपासून.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आज विपुल नक्की येतो. सासऱ्यांनी, म्हणजे खुशालरावांनी, स्वतः दम दिला आहे. तांदूळ भरले. नवा ड्रेस घातला. आरशात पाहिलं आणि खरं सांगते, छान दिसले. बघतोच तो आज.

तोच दिवस, दुपार
वाढताना वाकले. परत वाकले. लोणचं मागितलं त्यानं. भाजी चांगली झाली, असं मोबाइलकडे बघत म्हणाला. मी समोर उभी राहिले, अगदी ट्यूबलाइटखाली. "सरक जरा, फॅन लागत नाई," म्हणाला. पुढचे रविवार जमणार नाही असंही म्हणाला, आणि गाडी काढून गेला. चार वाजताची रेल्वे पकडायची आहे म्हणे. मोटरसायकलवर आला होता.
सासूबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, दार लावलं. "सूज आली का तुले? दवाखान्यात जाऊ?" मला रडूच फुटलं. तांदळापासून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, दिवाळीत तो घरी आला तवा मी डोयाले पट्टी बांधून बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे त्याले अजून मालूम नाई. मी तर माय हाओ त्याची."
आम्ही दोघी तिथंच बसलो. चहा कुणीच केला नाही.

१८ नोव्हेंबर
क्लिनिकमधून फोन. तीच संत्रंखाऊ मुलगी. पुढची तारीख देऊ का म्हणाली. नको म्हटलं. दुखण्याची भीती वाटते का मॅडम, तिनं फार गोड आवाजात विचारलं.
मी म्हटलं, नाही गं. ज्याच्यासाठी करणार होते, तो आता घरी येत नाही.