डावीकडून पाचवा दिवा

मी, सुचिता दिनानाथ घरत, वय वर्षे ६९, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणाऱ्यांची काय गत होते, हे घरच्यांना ठाऊक आहे. पती हयात नाहीत. मुलगी हेमाली गेल्या वर्षी कर्करोगाने गेली. मुलगा मितेश उलव्याला असतो. बंदरावर त्याचे कंटेनरचे ट्रेलर चालतात.

१. रेवदंड्याचे घर व मागची सुपारीची बाग माझ्या नावावर आहे. ती मितेश व सूनबाई पूनम यांना समाईक देते. एकट्या मितेशला देत नाही, कारण हेमालीचे तेरावे उरकताच त्याने कॉटेज बांधणारा एक माणूस आणला आणि तो माझ्यादेखत पावलांनी अंगण मोजू लागला. आता पूनमच्या सहीशिवाय घर विकता येणार नाही. ती सही करण्याआधी विचार करते. मितेश नंतरही करत नाही.

२. बँकेतली शिल्लक अंत्यविधीचा खर्च भागवून त्याच दोघांना. दागिने हेमालीच्या लग्नासाठी ठेवले होते. ते पूनमला. तिने ते अंगावर घालावेत, लॉकरमध्ये कोंडू नयेत.

३. माझ्या नणंद आवडाबाई हेमालीच्या दहाव्याला चारचौघांत म्हणाल्या, "पोरीचं लगीन वेळेवर केलं असतं, तर ही पाळी आली नसती." माझ्या दिवसांना वन्संना बोलवावे, पोटभर जेवू घालावे, मात्र खिडकीजवळच्या हेमालीच्या खुर्चीत बसू देऊ नये.

४. आता मुख्य गोष्ट. त्या खुर्चीसमोरच्या टेबलावर एक संगणक आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राची ती नक्कल. सुटे भाग खोक्यात येतात आणि घरी बसून जोडायचे असतात. त्याला पडदा नाही, टंकायच्या कळा नाहीत. पुढे स्विचची रांग आणि वर लाल दिव्यांची. स्विच टाकून दोन आकडे द्यायचे, उत्तर दिव्यांत वाचायचे. हेमाली पुण्यात संगणकावरच काम करायची. उपचार थांबवून घरी आली, तेव्हा तिने हे मागवले. म्हणाली, "आई, इतकी वर्षं याच्यावर जेवले, पण आतून कधी पाहिलंच नाही."

मितेश फोनवर म्हणाला, "अगं, असली शंभर यंत्रं माझ्या मोबाइलमध्ये मावतील." मावतील. तो मात्र त्या दिवसांत या घरात फारसा मावला नाही.

सोल्डरिंग, म्हणजे भाग डाग देऊन बोर्डाला जोडण्याचे काम, हेमालीनेच करायचे ठरले होते. मी भाग निवडून हातात द्यायचे. खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवे चढते, म्हणून काम थांबले की बोर्ड कापडात गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवायचो. औषधांनी तिची बोटे बधिर झाली होती. दिव्याला दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. लांब पाय ठरलेल्या भोकातच जावा लागतो, नाहीतर दिवा लागत नाही. पाचवा दिवा तिने उलटा बसवला.

मी नोकरीभर ठाण्याच्या एका टेलिफोनच्या कारखान्यात तपासनीस होते. उलटा बसलेला भाग शोधणे हीच माझी भाकरी. मला तो तत्क्षणी दिसला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांपासून सासूबाईंपर्यंत मी कोणाचीही चूक सोडली नाही. पण हेमालीने मान वर करून विचारले, "बरोबर ना गं?" मी म्हटले, "बरोबर." ती हसली आणि मग दमून झोपली. त्यानंतर ती टेबलापाशी आली नाही.

उरलेले यंत्र मी पुरे केले. ते चालते. पाचवा दिवा लागत नाही. त्या जागेचे उत्तर आपले आपण ओळखावे लागते.

वर्षश्राद्धाला मितेश म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, काढून सरळ बसवू." तो पक्कड शोधायला उठला. पूनमने त्याचा हात धरला आणि मला विचारले, "आई, तो ताईंनी लावलाय का?" या सुनेला मी स्वयंपाकावरून पुष्कळ बोलले आहे. भाताबद्दलचे मागे घेत नाही. बाकीचे घेते.

हा संगणक मी पूनमला देते. पावसाळ्यात तो तांदळाच्या पिंपात ठेवावा.

५. सोल्डरिंगची हत्यारे व माझे भिंग अलिबागच्या आयटीआयला द्यावे. हत्यार घरात असले की माणसाला दुरुस्तीची हुक्की येते.

६. शेजारीण कमळला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, कारण ती साक्षीदार आहे. फ्रीज तिला आधीच दिला आहे. "बाय, सही करतंय, पन फ्रीज परत देनार न्हाय," असे तिने बजावले आहे.

हा लेख मी पुन्हा वाचून तपासला. यात खाडाखोड नाही. माझ्या मागे या घरात एकच चूक राहील, डावीकडून पाचव्या दिव्यापाशी. ती मी पाहिलेली आहे आणि बरोबर म्हणून सोडलेली आहे. ती कोणीही सुधारू नये.

सही: सुचिता दिनानाथ घरत

आमच्यासमक्ष सही केली:
१. रावजी पांडुरंग म्हात्रे, रेवदंडा
२. कमळ भिकू कोळी, रेवदंडा

स्थळ: रेवदंडा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५