आत्याने नेलेला कॅमेरा

५ ऑगस्ट, सोमवार

सात जण! एका दिवसात सात जणांनी विचारलं – तुझ्या कॅमेऱ्यातले रंग संपले का?

संपले नाहीत. मी बंद केलेत. मुद्दाम. सुवाला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घेतलेला हा तळहाताएवढा कॅमेरा. त्याची चकती एकदा काळ्या-पांढऱ्यावर फिरवली ती आजवर हलवलेली नाही. रंग असले की माणसं रंगच बघतात. नवा झगा, गोधडीवरची लाल फुलं. रंग काढून टाकले की हात दिसतात, कपाळं दिसतात, खिडकीतून आलेला उजेड दिसतो. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. अगदी मनापासून. आई तारोची अळूसारखी पानं पुसत होती. म्हणाली, "काळे-पांढरे फोटो मेलेल्यांचे असतात, लोसे. कबरीवर लावतात ते."

घरातली पहिली पदवीधर मी! आणि हे एवढं माझं ऐकतात!

३० तारखेपर्यंत ऑकलंडच्या फोटोग्राफीच्या संस्थेकडे बारा फोटो पोहोचायला हवेत. विषय – रोजचं जगणं. निवड झाली तर वर्षभर तिथे शिकायचं, राहणं-जेवण त्यांच्याकडे. आमच्या सगळ्या बेटांतून जागा एक. एकच. मला ती हवी आहे. इतकं काही मला कधीच हवं नव्हतं – पदवीसुद्धा नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

बायका कापड करायला झाडाची साल कुटतात त्या शेडमध्ये गेले. लांबूनच लाकडी मोगऱ्यांचा ठोक-ठोक आवाज येत होता. मनात म्हटलं, आज मिळाला फोटो! दारात पाऊल टाकलं मात्र – सगळ्या मोगऱ्या थांबल्या.

"थांब, थांब! कंगवा कुठाय?"

एक जण तर घरी जाऊन चर्चचा झगा घालून आली. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "अहो, काम करा ना! जशा करत होता तशा!"

"काम करताना कोण फोटो काढून घेतं, पोरी? बघणारे म्हणतील, बिचाऱ्यांना एक दिवसाची सुट्टी नाही."

८ ऑगस्ट

बावीस फोटो. सगळ्यांत सगळ्या ताठ. सगळ्यांचे हात मांडीवर.

११ ऑगस्ट, रविवार

आज काहीच काढता येत नाही. रविवारी जमिनीत कुदळ मारायची नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, कॅमेरा तर नाहीच. चर्चमध्ये म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या केसांवर असा काही उजेड पडला होता की मी अक्षरशः हात मांडीखाली दाबून बसले.

आणि दुपारी ते झालं.

विका आत्या आली. बाबांची थोरली बहीण. पंख्याने वारा घेत ती चटईवर बसली आणि कपाटावरचा कॅमेरा उचलून म्हणाली, "छान आहे गं हा."

संपलं! आमच्यात आत्याने भावाच्या घरातली वस्तू छान म्हटली की ती आत्याची. विचारायचं नाही, आढेवेढे घ्यायचे नाहीत, चेहरासुद्धा पाडायचा नाही. सायकल गेली आहे, चांगल्यातली चटई गेली आहे, एकदा तर वाढदिवसाचा केक मेणबत्त्यांसकट गेला आहे.

"आत्या, तो रंगीत फोटो काढत नाही," मी शेवटचा प्रयत्न केला.

"म्हणजे बिघडलेला आहे. चालेल मला."

आईने कॅमेरा स्वच्छ टॉवेलात गुंडाळून दिला. चार्जरसुद्धा शोधून आणला. वर पिशवी! हसत!

१२ ऑगस्ट

बाबांना म्हटलं, "माझे बारा फोटो जायचेत."

"आत्या आहे ती तुझी."

"पण तिला तो वापरता येत नाही, बाबा!"

"मग शिकव."

इतकी वर्षं शाळेची फी भरायला हा माणूस भर उन्हात तारो लावत राहिला, आणि आता माझ्यासाठी एक वाक्य बोलत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

शिकवायला गेले. आत्याने मला तिने काढलेले फोटो दाखवले – डुकरं. डुकरांची पिल्लं. स्वतःच्या पायाचा अंगठा. पुन्हा डुकरं. मग चकतीवर बोट ठेवून विचारलं, "हे कशाचं?"

"त्याला हात लावू नका!" मी ओरडलेच. आत्यावर!

ती म्हणाली, "राहू दे. रंग मला नुसत्या डोळ्यांनी दिसतात."

मी तिला माझी अडचण सांगितली. ऑकलंड, बारा फोटो, तारीख. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी दोन पोरं तिकडे गेली. एकानेही परतीचं तिकीट काढलेलं नाही." आणि कॅमेरा कनवटीला खोचला.

२० ऑगस्ट

आत्या गावभर फिरते आहे. कुणाच्याही घरात शिरते, खट्‌ करून फोटो काढते, पुढे जाते. आमच्याकडे तीनदा येऊन गेली. एकदाही परत करायचं नाव नाही. चर्चच्या पायरीवर कुणीतरी मला म्हणालं, "तुझी आत्या काय झटपट काढते गं! तुझ्यासारखं 'इकडे बघू नका, तिकडे बघू नका' नाही तिचं."

दहा दिवस उरले.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

वाट आईने दाखवली! भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता – "विकालाही आत्या आहेच की."

पासेमाता आजी! आजोबांची बहीण, शहाऐंशी वर्षांची. मला सुचलं कसं नाही? खारवलेल्या मांसाचा मोठा डबा घेऊन धावले. आजी पोट धरून हसली आणि निरोप धाडून आत्याला बोलावून घेतलं.

"विका, तुझ्या कनवटीला काय आहे गं? छान दिसतंय."

आत्याचा चेहरा! जन्मभर घेत आलेल्या माणसाला द्यायची वेळ आली की असा होतो. पण दिला. हसत दिला.

आजीने कॅमेरा उशीखाली ठेवला.

"आजी, तो माझा..."

"तुझा? तो तर विकाकडून आला." आणि कूस बदलून झोपली.

२४ ऑगस्ट

डबाही गेला, कॅमेराही गेला. माझ्या डिग्रीच्या कागदात मासे गुंडाळावेत.

२८ ऑगस्ट, बुधवार

आजीने बोलावून कॅमेरा माझ्या हातात दिला. "मेलाय तो. काल रात्रीपासून डोळा उघडत नाही. बिघडलेली वस्तू मी ठेवत नाही."

बॅटरी उतरली होती. मी मान हलवली आणि कॅमेरा घेऊन पळाले.

३० ऑगस्ट, शुक्रवार

गेले. बारा फोटो गेले!

शाळेच्या कचेरीतल्या संगणकावर बसले होते. हेडसर किल्ल्या वाजवत मागे उभे – "लोसे, चारला कुलूप." कार्डात सहाशेच्या वर फोटो, त्यातली निम्मी डुकरं. कसेबसे अकरा निघाले. बारावा सापडेना. मग एक दिसला – आमचं स्वयंपाकघर, बाबांची पाठ, अर्धं ताट. तिथे मी पन्नास तरी फोटो काढले असतील, त्यातलाच एखादा. नववा म्हणून घातला. चारला दहा कमी असताना शेवटचा फोटो गेला.

१८ सप्टेंबर, बुधवार

निवड झाली! माझी! एकच जागा आणि ती मला!

आईने शेजारच्या तीन घरांना ओरडून सांगितलं. बाबा मेजवानीसाठी डुक्कर धरायला गेले. पत्र मी चारदा वाचलं. लिहिलंय की नवव्या चित्रापाशी त्यांचा निर्णय झाला. "एका पाठीत एवढं काही दिसू शकतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

१९ सप्टेंबर

आज नववा फोटो नीट पाहिला. मोठा करून.

चटईवर ताट. ताटात अर्धा खाल्लेला तारोचा कंद, वाफ अजून निघते आहे. बाबा मागच्या दारातून बाहेर पडताहेत, एका हातात चपला, मान थोडी खाली.

बाबा जेवणावरून माझ्यासाठी उठत नाहीत. मी आले की म्हणतात, ये, बस, खा. ते उठतात एकाच माणसासाठी. बहीण पुढच्या दारात आली की भावाने मागच्या दाराने जायचं – ताट अर्धं असलं तरी. एका खोलीत बसायचं नाही, तिच्यासमोर खायचं नाही. वयात आल्यापासून दोघं असेच आहेत.

हा फोटो पुढच्या दारातून काढलेला आहे.

पन्नास वर्षं आत्याला तिचा भाऊ एवढाच दिसत आलाय. आणि मी तिच्या डुकरांना हसत होते.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस आईशी भांडण.

"बाकी अकरा तुझेच आहेत ना? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"शिकवून चूक केली तुला!"

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मग माझ्या हातात परत देऊन म्हणाले, "ती दारात थांबते होय? मला वाटायचं, मी गेलो की लगेच आत येते."

संध्याकाळी ऑकलंडला खरं काय ते लिहून टाकलं. स्वतःचाच इतका संताप आला की पाठवून झाल्यावर टेबलाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

३० सप्टेंबर, सोमवार

उत्तर आलं. अगदी नम्र. वयाची अट नाही. जागा नवव्या चित्राला दिली आहे. ते ज्यांनी काढलं त्या येऊ शकतील का, एवढं कळवा.

मी उद्या आत्याकडे जाणार आहे. ती नाही म्हणेल. ऑकलंडचं नाव काढलेलं तिला आवडत नाही. तिने नाही म्हटलं की मी ऑकलंडला पुन्हा विचारीन – तिच्या जागी मी चालेन का?

१ ऑक्टोबर, मंगळवार

आत्याने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पंखा खाली ठेवला. म्हणाली, "छान आहे गं हे. जाते मी. पोरांनाही बघून येईन. वर्षभर माझी डुकरं तू सांभाळ."

थट्टा नव्हती. तिच्या पासपोर्टसाठी बाबा उद्या पहाटेच नेयाफूच्या सरकारी कचेरीत जायला निघताहेत.