बुजगावण्याचा कोट

थॉर्नबी, शुक्रवार सकाळ

तीर्थस्वरूप ह्यूबर्टदादास,

धाकट्या एड्नाचा मान खाली घालून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मिल्ड्रेडवहिनीच्या शेंगांच्या वेलांवर गोगलगायींनी यंदा काही शिल्लक ठेवलं की नाही? इकडे सर्व कुशल आहे असं लिहून मी दोनदा कागद फाडला, कारण तुला पत्रातून खोटं कळवायची मला सवय नाही (दर नाताळात तू पाठवतोस त्या मोज्यांबद्दल लिहिते ते सोडून). इकडे कुशल नाही. आज सकाळी मी चहात तीन चमचे साखर घातली. मी साखर घेत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा दादा, हे पत्र बसून वाच. तीस वर्षं मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसून तू तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिलीस, पण त्यांत आपल्या आईच्या पोटचं कुणी नव्हतं.

मी बाजारपेठेतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मंगळवारी आणि गुरुवारी बिनपगारी काम करते हे तुला माहीतच आहे. पूर्वी त्या दुकानाची कमाई अनाथ मांजरांसाठी जायची आणि मांजरांबद्दल गावात कुणाची तक्रार नव्हती. गेल्या वसंतात मांजरवाल्यांनी गाशा गुंडाळला आणि ‘नवी वाट’ नावाच्या संस्थेने दुकान घेतलं. ही संस्था तुरुंगातून सुटणाऱ्या माणसांना पुन्हा उभं करते. मला हे कळलं तेव्हा मी गल्ल्यामागे होते, आणि अशी हादरले की एका गिऱ्हाइकाला पाचाऐवजी वीस पौंड परत दिले. त्याच दिवशी सोडून जाणार होते. पण गल्ल्याची किल्ली माझ्याकडे, आणि ती चोरांच्या हाती कशी द्यायची, या काळजीने राहिले. तशी राहिले ती राहिलेच.

दुकान चालवते ती चेरिल. आपल्या नातीच्या वयाची, नाकात बाळी, आणि दिवसभर फोनवर. आधी मला वाटलं, मित्राशी बोलते. ती घरमालकांशी बोलत होती. दादा, मला एक सांग. तू माणसं आत पाठवायचास, पण ती बाहेर कशी येतात हे तुला कधी कुणी सांगितलं होतं का? मला चेरिलने सांगितलं आणि मी खुर्चीवर बसले. सकाळी फाटक उघडतं, हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि कित्येकांना जायला घर नसतं. खोली मागायला गेलं तर नोकरी आहे का विचारतात, नोकरी मागायला गेलं तर पत्ता विचारतात, आणि पत्त्यासाठी खोली लागते. या फेऱ्यात माणूस आठवडाभर फिरला की त्याला तुरुंगाचीच आठवण येते. तर संस्थेचं कुणीतरी फाटकावर उभं राहतं, चहा पाजतं, खोली शोधतं, बँकेत खातं उघडून देतं. (बँकेत खातं उघडणं किती अवघड असतं, हे बँक फोडलेल्या माणसालासुद्धा ठाऊक नसतं, असं चेरिल म्हणते. तिच्या विनोदांचाही मला धक्का बसतो.)

शिवाय खाडीकाठच्या खुल्या तुरुंगातून शिक्षा संपत आलेली माणसं आमच्याकडे दिवसापुरती कामाला येतात. सकाळी बसने यायचं, पाचच्या आत परत हजर व्हायचं, आणि परवान्याचा कागद सतत अंगावर ठेवायचा. एकदा जरी चूक झाली तरी पुन्हा बंद तुरुंगात रवानगी. आमच्या वाट्याला आलेत नेव्हिल स्टबिन्स. वय सत्तावन्न, धंदा घरफोडी. दाराशी उभा राहून हा माणूस पाय पुसतो, ‘येऊ का’ विचारतो, आणि वाफेच्या इस्त्रीने ब्लाउजच्या चुण्या अशा काढतो की मी पहिल्या आठवड्यात माझी पर्स दोन्ही हातांनी धरून ते बघत उभी होते. पुढे पर्स एका हातात आली. ऑगस्टपासून ती खुंटीवर असते, आणि छत्री, स्वेटर, जेवणाची पिशवी यांच्यासह सगळ्या खुंट्या मीच अडवून ठेवते. हे लक्षात ठेव, कारण अनर्थ त्यातूनच घडला.

स्टबिन्सना एक मुलगी आहे, लॉर्ना. ती सहा वर्षं बापाशी बोलली नव्हती. चेरिलने दोघांमध्ये पत्रं नेली-आणली, समजूत घातली, आणि अखेर लॉर्नाने कळवलं की या रविवारी चहाला यावं, एक तास, नातवाला मात्र आजोबा म्हणायला लावणार नाही. तुरुंगाने परवानगी दिली. चेरिलने दुकानातला एक तपकिरी लोकरी कोट स्टबिन्सना दिला, कारण मुलीच्या घरी तुरुंगाच्या जाकिटात कसं जायचं. त्या दिवसापासून हा माणूस तो कोट घालून यायचा आणि आरशासमोरून जाताना आरशाकडे न बघण्याची फार काळजी घ्यायचा.

काल त्यांना खुंटी मोकळी सापडली नाही. त्यांनी कोट नीट हँगरला लावून मागच्या दांडीवर अडकवला. मागची दांडी म्हणजे दानात आलेले, किमतीची चिठ्ठी लावायचे कपडे. मी त्याला सहा पौंडांची चिठ्ठी लावली. (विकण्याआधी खिसे तपासावेत, हा नियम भिंतीवर माझ्याच अक्षरात आहे. पण चहा निवत होता.) दहा मिनिटांत मिसेस पेनफोल्ड आल्या, घासाघीस करून कोट चार पौंडांत घेऊन गेल्या. दुपारी स्टबिन्स बससाठी निघाले आणि दांडीपाशी उभे राहिले. मला विचारलंही नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं समजलं. परवान्याचा कागद आणि बसचं तिकीट, दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात.

आता ह्या पेनफोल्डबाई कोण, तर दुकानाविरुद्ध गावात अर्ज फिरला त्यावर पहिली सही ह्यांची. आणि कोट कशाला नेला, तर बुजगावण्यासाठी! आमच्याकडे सप्टेंबरात बुजगावण्यांचा आठवडा असतो. घरोघरी अंगणात बुजगावणी, शनिवारी परीक्षक, आणि पहिल्या नंबरावरून भावाभावांत अबोला. पेनफोल्डबाई दोन वर्षं दुसऱ्या आल्यात. यंदा त्यांनी अंगणातल्या बाकावर पेपर वाचत बसलेला सद्गृहस्थ केला होता, कैलासवासी नवऱ्याच्या टोपीसकट.

चेरिल घरमालकांकडे गेलेली, तिचा फोन लागेना. स्टबिन्स म्हणाले, आपण तुरुंगाला फोन करू आणि झालं ते सांगू. सरळ गोष्ट होती दादा, आणि ती एका घरफोड्याने सुचवली होती. पण मी याआधी दुकानाची स्वतःची किटली विकली होती, आणि पाद्रीसाहेबांची छत्री, ते आत कपडे बघत असताना. पुन्हा असं झालं तर मला गल्ल्यावरून काढून दानाच्या पिशव्या निवडायला बसवीन, असं चेरिलने बजावलं होतं. तेव्हा मी म्हटलं, चोराचा कोट विकला गेला यावर तुरुंगवाले विश्वास ठेवतील का? स्टबिन्स म्हणाले, बहुधा नाही ठेवणार, पण खरं ते आधी सांगावं असं आम्हाला वर्गात शिकवतात. मी म्हटलं, तो वर्ग तुमच्यासाठी आहे. आणि दुकानाला कुलूप लावलं.

पेनफोल्डबाईंच्या फाटकाशी मी थांबले. मला फक्त कागद हवा होता. बाईंना विचारायचं म्हणजे दुकानाच्या वैरिणीच्या हातात आयतं कोलीत देणं. तेव्हा आपण आत जावं, खिशात हात घालावा, बाहेर यावं. मी स्टबिन्सना हळूच विचारलं की अशा वेळी साधारण कुठून जातात. ते इतके दुखावले की मलाच कसंसं झालं. “बाई, आधी थांबा,” ते म्हणाले. “श्वास घ्या. यात नुकसान कुणाचं होणार, त्याचा विचार करा.” मी म्हटलं, श्वास घ्यायला वेळ नाही. त्यावर ते फुटपाथवरच थांबले आणि त्यांनी अंगणाकडे पाठ फिरवली. बघत उभं राहिलं तर तो पहारा धरतात, त्याला वेगळी शिक्षा आहे, म्हणाले.

दादा, मी आत गेले. तुझी बहीण, चर्चच्या फुलांची आठ वर्षं व्यवस्था पाहिलेली. सद्गृहस्थाच्या कोटात हात घालायला गेले तर बाईंनी कोट पुढून शिवून टाकलेला! सुतळीने! मी ओढलं, सुतळी तुटेना. जोर लावला, मुंडकं गळून शेवंतीच्या वाफ्यात गेलं. अशा वेळी माणसं शहाणपण सोडतात ते कसं, हे मला या वयात कळलं. मी मुंडक्याविना सद्गृहस्थ काखेत मारला आणि फाटकाकडे निघाले. त्याचे पेंढ्याचे पाय माझ्यामागे फरफटत होते. समोरच्या घरातून कुणीतरी हे पाहून पोलिसांना फोन केला की एक बाई एका म्हाताऱ्याला ओढून नेते आहे.

स्टबिन्स मागे वळले. त्यांनी मला पाहिलं, त्याला पाहिलं, आणि मग जे केलं त्याने मी अजून सावरलेले नाही. ते फाटकातून आत आले, माझ्या शेजारून गेले आणि दारापाशी उभे राहिले. पायपुसण्यावर पाय पुसले. बेलजवळ बोट नेलं आणि थांबले.

“थ्वेटबाई,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “आजवर बेल वाजवली ती आत कुणी नाही ना, एवढं बघायला. कुणी उघडावं म्हणून कधी वाजवली नाही. उघडल्यावर काय बोलायचं असतं?”

मी म्हटलं, आपलं नाव सांगायचं असतं.

“खरं?”

“खरं,” मी म्हटलं. माझ्या काखेत सद्गृहस्थ होता.

दार उघडलं. त्यांनी नाव सांगितलं, तुरुंग सांगितला, कोट सांगितला, रविवार सांगितला. हात दोन्ही बाजूंना, दिसतील असे. पेनफोल्डबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग त्यांना मी दिसले. आणि ही? त्यांनी विचारलं. स्टबिन्स म्हणाले, “त्या माझ्याबरोबर आहेत.” दादा, या गावात आजवर माझी ओळख कुणी कुणाला करून दिली नव्हती, कारण गरजच नव्हती. काल ती एका कैद्याने करून दिली आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडले.

पेनफोल्डबाई आत गेल्या. शिवणाची कात्री आणली, सुतळी कापली, आतल्या खिशातून कागद काढून चष्म्याशिवाय लांब धरून वाचला. पाचची वेळ आहे, आणि बस गेली, म्हणाल्या. कोट झटकून त्यांनी स्टबिन्सच्या हातात दिला आणि गाडीची किल्ली घेतली. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, खाली पेपर पसरून. जाताना खिडकीतून मला ठणकावून सांगितलं की दुकानाला त्यांचा विरोध आहे तो आहेच, आणि येईपर्यंत मुंडकं बसलेलं पाहिजे. ते पाचच्या आत पोहोचले. मी मुंडकं बसवत असताना पोलीसबाई आल्या, आणि मी त्यांना सगळं खरं सांगितलं. वर्गात शिकवतात म्हणे.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा. राग आला तर तो पत्रानेच कळव, फोन करू नकोस, कारण मी उचलणार नाही.

तुझी (अजून तरी) बहीण,
एड्ना

ता. क. कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. पेनफोल्डबाईंना माफीचं पत्र लिहायचं आणि ‘आधी विचार, मग कृती’ या वर्गाला बसायचं, एवढ्यावर भागलं. वर्ग ‘नवी वाट’च घेते, आमच्याच मागच्या खोलीत. आजवर मी त्या वर्गाला चहा करून द्यायचे. आता चहा स्टबिन्स करणार आहेत.

ता. क. आणखी एक, म्हटलं तर अगदी किरकोळ. स्टबिन्सना रविवारी न्यायला जो स्वयंसेवक गाडी घेऊन येणार होता, त्याचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. लॉर्नाचं घर तुमच्या वेल्सबीच्याच पलीकडे, पाणचक्कीजवळ आहे. रविवारी तिकडे बस नाही. गाडी असलेला, निष्कलंक चारित्र्याचा माणूस हवा होता, आणि आपल्या घराण्यात आता तू एकटाच उरलास. तुझं नाव मी काल रात्रीच चेरिलला दिलं आणि आज सकाळी तिने ते तुरुंगाला कळवलं, तेव्हा याला विनंती म्हणता येईल की नाही कोण जाणे. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. तू गोल्फला जातोस हे वहिनीने लिहिलंय.

ता. क. तुझं नाव ऐकून स्टबिन्सनी फोनवर मला ते पुन्हा सांगायला लावलं. ते एकोणीस वर्षांचे असताना पहिल्यांदा कोर्टात ज्याच्यासमोर उभे राहिले तो तूच. पुन्हा माझ्यासमोर उभा राहू नकोस, असं तू त्यांना बजावलं होतंस म्हणे. ते विचारतात, रविवार त्यात धरायचा का? मी सांगितलं, नाही. वेल्सबीच्या स्टेशनवरून ते तुझ्या घरी चालत येतील. पाय पुसतील, बेल वाजवतील, नाव सांगतील. तू फक्त घरी अस दादा, पडद्याआडून बघत बसू नकोस, आणि बेल वाजली की लगेच उघड. बराच वेळ कुणी आलं नाही की घर रिकामं आहे असं समजायची त्यांना जुनी सवय आहे, आणि या वेळी ते गुपचूप परत फिरतील.